शेजारचा विस्तव

आधी चूक सांगून टाकतो. माझ्या आईला मी एकदा परक्या माणसाच्या स्वयंपाकघरात, त्याच्यासमोर, भिकारीण ठरवलं. शब्द मराठी होते, म्हणून त्या माणसाला काही कळलं नसेल अशी मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होतो. पण माझा आवाज ऐकून त्याने नजर खाली घातली होती, हे मी पाहिलं होतं. आईने हातातला तवा टेबलावर ठेवला आणि फक्त "बरं" म्हणाली. त्या "बरं"नंतर तिने माझ्याकडे काही मागणंच सोडलं.

घडलं ते घरातली फर्नेस बंद पडली त्यावरून. थंड मुलखात गेलेल्यांना हे एवढं पुरे. पण चौल-रेवदंड्याच्या वाड्यांत राहिलेल्यांना घर तापवायचं यंत्र म्हणजे काय ते नुसतं सांगून पटायचं नाही. आपल्याकडे घर गार ठेवायची धडपड. म्हणून जरा मागे जातो.

मी चौल सोडलं त्या दिवशी नारळ पाडायला माणूस आला होता. त्याला वाडीत सोडून अण्णांना निघता येईना, म्हणून ते एसटीपाशी उशिरा आले, सदऱ्यावर भुसा घेऊन. अण्णा शाळामास्तर, पण जीव वाडीत. त्यांनी खिडकीतून माझा हात धरला आणि "पोचलास की कळव" एवढंच म्हणाले. शेजारची पारूकाकी सुकटीचं पुडकं घेऊन आली होती. "घट बांधलीय हां. इमानात वास सुटला तं तुला मदेच उतरवतील," असं म्हणून ती इतकी हसली की कंडक्टरही हसला. आई हसली नाही. ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "अडलास तर शेजाऱ्याचं दार वाजव. विस्तव मागायला लाजायचं नसतं."

त्या वाक्याचा अर्थ मला पुरता ठाऊक होता. आमच्या आळीत काडेपेट्या सगळ्यांकडे होत्या, तरी चूल विझली की बायका शेजारी विस्तव मागायला जात. नारळाचं वाळलेलं सोडण न्यायचं, त्यावर शेजारीण दोन निखारे ठेवायची, आणि तो काथ्या धुमसत घरी यायचा. सोबत कुणाची गाय व्याली, कुणाच्या मुलीला बघायला येणार आहेत, हेही यायचं. एकच नियम होता. दिवेलागणीनंतर विस्तव घराबाहेर द्यायचा नाही, घरातली लक्ष्मी जाते. मागायचं ते उजेडात. उशीर झाला तर चूल पेटवायला काडी ओढायची आणि गप्प बसायचं.

मी गेलो तो विनिपेगला. समुद्राचा मागमूस नसलेली, पाटासारखी सपाट जमीन. पहिल्या वर्षी एका घराच्या बेसमेंटमध्ये खोली घेतली होती. पलंगाला लागून एक दार होतं आणि दाराआड फर्नेस. थोड्या थोड्या वेळाने आत 'टक' व्हायचं, मग श्वास घेतल्यासारखं 'हूऽऽ', आणि छताजवळच्या जाळीतून ऊब उतरायची. दार किलकिलं करून मी बघितलं. लोखंडी पेटीला हातभर उंचीवर काचेची एवढीशी खिडकी, आणि तिच्यामागे निळ्या ज्वाळा शिस्तीत आडव्या पडलेल्या. धूर नाही, राख नाही. मी किती वेळ उकिडवा बसून होतो कोण जाणे.

सकाळी बाहेर पडलो तर गल्लीतल्या प्रत्येक घरातून पांढऱ्या वाफेचा एकेक खांब सरळ आभाळात गेलेला. वारा नव्हता. नाकातले केस गोठून टोचत होते. तेव्हा उमगलं की इथे प्रत्येक घराच्या पोटात एक चूल आहे, ती कुणाला दिसत नाही, आणि ती विझली तर वर राहणारी माणसं राहू शकणार नाहीत. एवढं मोठं शहर अशा न दिसणाऱ्या निळ्या विस्तवावर उभं होतं. फोनवर अण्णांना सांगितलं तर त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे होमकुंडावरच निजतोस की रे!"

पुढे लग्न झालं, मुलगी झाली, कर्जावर घर घेतलं. अण्णा गेले. त्यांच्या वर्षश्राद्धानंतर आईला मी एका हिवाळ्यापुरती घेऊन गेलो. वाडीवर लक्ष ठेवायचं पारूकाकीने कबूल केलं.

आईला तिथली दुकानं, रस्ते, उंच इमारती यांचं काही वाटलं नाही. तिला वेड लावलं ते फर्नेसने. बेसमेंटच्या पायऱ्या धरत धरत ती खाली उतरायची, स्टुलावर बसायची आणि काचेतून बघत राहायची. 'टक' झालं की मला हाक यायची, "अरे ये, बघ, आला!" जसा कुणी पाहुणा यावा. एकदा मी तिला सांगितलं, की ज्वाळेत एक बारीक सळई असते, ज्योत खरोखर पेटली आहे का हे ती बघते, आणि ज्योत दिसली नाही तर गॅस बंद करून टाकते, म्हणून घराला धोका होत नाही. आई म्हणाली, "म्हणजे घराला राखणदार आहे." दुसऱ्या दिवशी फर्नेसच्या पेटीवर कुंकवाचं बोट उमटलेलं दिसलं. मी ते पुसायला गेलो नाही, एवढं एक पुण्य माझ्या नावावर आहे.

शेजारी वॉल्टर नावाचे म्हातारे गृहस्थ राहायचे, एकटे. इतक्या वर्षांत आमचं बोलणं म्हणजे बर्फ उपसताना हात वर करणं. ते एकदा दारावर आले होते, त्यांच्या बागेतल्या काकड्या घेऊन. मी दारातच आभार मानून घेतल्या आणि त्यांना आत बोलावलं नाही. घर आवरलेलं नव्हतं, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण असं, की कुणाचं काही घेतलं की द्यावं लागतं, येणं-जाणं वाढतं, आणि त्या देशात मला कुणाचंच देणं लागायचं नव्हतं. कुणाकडे काही न मागता उभं राहिलो, याचा मला फार अभिमान होता. चौलहून सोबत आलेलं आईचं वाक्य मी सुकटीच्या पुडक्यासारखं घट्ट बांधून ठेवलं होतं, वास येऊ नये म्हणून.

जानेवारीत, बायको मुलीला घेऊन तिच्या भावाकडे टोरांटोला गेली असताना, फर्नेस बंद पडली. 'टक' व्हायचं, 'हूऽऽ' सुरू व्हायचं, आणि घशात अडकल्यासारखा श्वास तुटायचा. बाहेर उणे तीसच्या आसपास. अशा थंडीत घर लवकर निवतं. आधी काचा, मग भिंती, मग नळातलं पाणी. पाणी नळात गोठलं की नळ फुटतात.

मी फोनवर शोध घेतला. कुणाला किती तारे, कुणाचे रिव्ह्यू चांगले, कोण आज येतो. नावाखाली ताऱ्यांची रांग असलेला आणि 'तासाभरात पोचतो' म्हणणारा एक जण निवडला. शेजाऱ्याला विचारावं, हे मनात आलंच नाही असं म्हणणार नाही. आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

अण्णांची माणूस निवडायची एक रीत होती. विहिरीचा उपसा असो, पंप बसवायचा असो, नवा माणूस आला की त्याला आधी तांब्याभर पाणी द्यायचे. "पाणी पिताना तो कुठे बघतो ते बघावं," म्हणायचे. "कामाकडे बघत असेल तर त्याला काम द्यावं. घराकडे बघत असेल तर दाम विचारून वाट लावावी." आम्ही त्यावरून त्यांची चेष्टा करायचो. आई मात्र त्या रीतीत तरबेज झाली होती. तो कंत्राटदार बूट न काढता आत आला, आणि तिने पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला. पाणी पिता पिता त्याची नजर टीव्हीवरून सोफ्यावर, तिथून खिडकीतून गाडीवर गेली.

तो खाली जाऊन लगेच वर आला. आतली पेटी तडकली आहे, विषारी वायू घरात येईल, फर्नेस गेली, नवीनच घ्यावी लागेल, सोमवारी बसवून देतो, आगाऊ आज भरा. मी तडा दाखवायला सांगितलं. "टॉर्चने दिसत नाही, अनुभवाने कळतं," म्हणाला. गॅसची चावी बंद करून तो कागदावर सही मागू लागला.

आई मागून हळूच म्हणाली, "अरे, हा घराकडे बघतोय."

"आई, तू मध्ये बोलू नकोस. इथे असं चालत नाही," मी म्हणालो, आणि सही केली.

पण सोमवार लांब होता. विजेचे हीटर आणायला मी गाडी काढली. निघताना आईला दोन रजया गुंडाळल्या आणि बजावलं, "कुणालाही दार उघडू नकोस. मी आलोच." दुकानात गर्दी होती, माझ्यासारखे आणखीही होते, हीटर संपत आले होते. परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. तिथे हिवाळ्यात चारलाच दिवस मावळायला लागतो.

घराचं दार नुसतं लोटलेलं. आई नाही. पायरीवरून बर्फात पावलं उमटली होती, एक खोल, एक घसरलेलं. माझा दुसरा पार्का, तो टोपीचा जाड कोट, अंगात घालून गेली असावी, कारण त्याचा घोळ बर्फावर ओढत गेल्याची रेघ होती. ती रेघ वॉल्टर यांच्या दारापर्यंत गेली होती.

आज ते आठवलं की माझा ऊर भरून येतो. तेव्हा मात्र डोक्यात संताप होता, कारण भीती वाटली होती, आणि भीती वाटली की मला रागावताच येतं.

आत काय घडलं ते मला नंतर वॉल्टर यांच्याकडून तुकड्यातुकड्याने कळलं. आई हातात आमचा रिकामा तवा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. विस्तव न्यायला काहीतरी हवं ना! सोडण तिथे कुठून आणणार? इंग्रजी तिला 'थँक यू'पलीकडे येत नव्हतं. त्यांना वाटलं, बाईंना अंडी हवीत. त्यांनी फ्रिजमधून काढून दोन अंडी तव्यात ठेवली. आईने ती परत त्यांच्या हातात दिली. मग तिने स्वतःला दोन्ही हातांनी मिठी मारून थरथरून दाखवलं, आमच्या घराकडे बोट केलं, आणि फुंकणीने चूल फुंकावी तशी गाल फुगवून तव्यावर फुंकर घातली. आणि वॉल्टर यांना उमगलं. "फर्नेस?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "हो, फर्नेस." पृथ्वीच्या दोन टोकांची दोन म्हातारी माणसं, मध्ये एक रिकामा तवा. त्यांनी एकमेकांना समजून घ्यायला जितका वेळ घेतला, तितका वेळ मी ताऱ्यांची रांग वाचण्यातही घालवला नव्हता.

मी पोचलो तेव्हा ते फोनवर कुणाला तरी बोलावत होते, आणि आई त्यांच्या टेबलाशी बसली होती. पायात माझे बूट, उलटसुलट घातलेले. मला बघून तिचा चेहरा उजळला. "अरे, मिळतोय विस्तव!" ती म्हणाली. "अंधार पडला की कुणी देणार नाही म्हणून घाईने आले."

आणि मी म्हणालो, "इथे येऊन लोकांच्या दारात भीक मागायला लागलीस? माझी काही लाज?"

तिथेच ते "बरं" आलं.

वॉल्टर यांनी बोलावलेली कंत्राटदार लिंडा नावाची बाई होती. दोन हिवाळ्यांमागे त्यांची फर्नेस तिनेच दुरुस्त केली होती, नवी घ्यायची गरज नाही असं सांगून. मला तेव्हा लक्षात आलं, की ज्याचं घर ऊबदार आहे त्याला विचारणं, याहून सोपी निवड जगात नसेल. लिंडाने आमच्या दारात आधी आपलं ओळखपत्र दाखवलं, बूट काढले, आणि काम बघायचे किती होतील ते हात लावायच्या आधी सांगितलं. आईने सवयीने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी आईकडे बघितलं नाही, पण लिंडाकडे बघितलं. पाणी पिताना ती छताच्या पाइपांवरून नजर फिरवत होती, कान देऊन, जसा वैद्य नाडी बघतो.

तिने नळीच्या टोकाचा कॅमेरा आत घातला आणि पडद्यावर मला सगळी पेटी फिरवून दाखवली. तडा नव्हता. बाहेरच्या भिंतीतून हवा आत घेणाऱ्या पाइपचं तोंड बर्फाने बुजलं होतं, आणि ती ज्योत बघणारी सळई काजळून आंधळी झाली होती. "हवं तर आणखी कुणाला दाखवा," ती म्हणाली. "माझ्या शब्दावर जाऊ नका." बर्फ फोडला, सळई घासली, गॅसची चावी उघडली. 'टक'. 'हूऽऽ'. निळ्या ज्वाळा एकामागून एक आडव्या धावत गेल्या, आणि आम्ही चौघंही, सोबत आलेले वॉल्टर आणि रोज हेच काम करणारी लिंडासुद्धा, त्या काचेकडे बघत राहिलो. घर पुन्हा श्वास घ्यायला लागलं होतं.

आईने हात जोडले. पण "अरे ये, बघ" असं ती म्हणाली नाही. त्या दिवसानंतर ती बेसमेंटमध्ये उतरलीही नाही.

पहिल्या कंत्राटदाराला फोन करून काम नको म्हणून सांगितलं. नुसती सहीच झाली होती, म्हणून ते प्रकरण मिटलं. आईचं मिटलं नाही. ती रागावली नव्हती. वेळेवर जेवायची, नातीला गोष्टी सांगायची. पण मीठ संपलं तरी मला सांगायची नाही, अळणी खायची. हिवाळा सरल्यावर ती चौलला परत आली, आणि पुढे मी कितीही म्हटलं तरी गुडघ्यांचं कारण सांगून तिकडे आली नाही. फोनवर मी विचारायचो, "काही हवं का?" "काही नको." "पंप चालतोय ना?" "चालतोय." वॉल्टर अधूनमधून तिची चौकशी करायचे. काकड्या आता आमच्या टेबलाशी बसून कापल्या जायच्या. त्यांची माफी मी केव्हाच मागितली होती. ती सोपी होती, इंग्रजीत होती.

यंदा दत्ताची जत्रा होऊन गेल्यावर आईशी व्हिडिओवर बोलत होतो, तर तिच्यामागे पोफळींच्या झावळ्या पिवळ्या दिसल्या. मी विचारलं. ती म्हणाली, "ऊन पडलंय, म्हणून तशा दिसतात." तेवढ्यात पडद्यावर पारूकाकीचं तोंड आलं. "ऊन कसलं रं बाबा! पंप जलालाय कवाचा. माज्या हिरीवरनं पाइप टाकून पानी सोडतंय मी. तुला सांगू नको म्हनते ही."

"का गं, आई?"

आई नव्हतीच पडद्यावर. पारूकाकी म्हणाली, "का ते तुलाच ठावं. मला काय इचारतोस?"

मी आठवड्याच्या आत चौलला आलो.

आमच्याकडे स्वयंपाकाला गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी अजून मागच्या अंगणातल्या चुलीवर तापतं, झावळ्या आणि करवंट्या घालून. आल्याच्या दुसऱ्या सकाळी उठलो तर चूल थंड होती, आणि आई काडेपेटी हलवून काड्या आहेत का बघत होती. मी म्हटलं, "थांब." कोपऱ्यातलं एक सोडण उचललं आणि कुडाच्या बेड्यातून, त्या आडव्या बांबूंच्या फाटकातून, पारूकाकीच्या अंगणात गेलो.

"काय पायजे?" तिने विचारलं.

"विस्तव."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "कॅनडात काड्या संपल्या काय रं?"

"आमची चूल विझलीय, काकी."

तिने आणखी काही विचारलं नाही. उलथन्याने दोन लाल निखारे काढून सोडणावर ठेवले आणि म्हणाली, "चाल बेतानं. तोंडानं फुकत जा, न्हाय तं वाटंतच मरंल."

ती वाट म्हणजे पंधरा-वीस पावलांची, फणसाच्या झाडाखालून. सोडण हातात ऊन लागत होतं. फुंकर घातली की काथ्याच्या धाग्याधाग्यातून लाल रेघ सरकायची आणि विझायची, पुन्हा सरकायची. मी इतकी वर्षं निळ्या विस्तवाचं नवल करत आलो. हा त्याच्याहून जुना, आणि दुसऱ्याच्या चुलीतला. कुठल्या तरी पहिल्या चुलीपासून हा असाच हातोहात आला असेल, प्रत्येक वेळी कुणीतरी मागितला आणि कुणीतरी दिला म्हणून. इथून गेलेल्या आणि इथे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना सांगतो, घर कुठलं, असं मला कुणी विचारलं तर माझ्यापाशी आता एवढंच उत्तर आहे: जिथे मागायला दार आहे ते. विनिपेगला ते आईने मला मिळवून दिलं होतं, आणि त्याच दारात मी तिला गमावलं होतं.

आई चुलीपाशी तशीच उभी होती, हातात काडेपेटी. मी निखारे चुलीत ठेवले, वर वाळकी झावळी घातली. ती वाकली, फुंकणी घेतली आणि गाल फुगवून फुंकलं. वॉल्टर यांच्या दारात फुंकलं असेल तसंच. जाळ लागला.

मी म्हणालो, "आई, तू तिथे भीक मागितली नव्हतीस. विस्तव मागितला होतास, माझ्यासाठी. ते मला कळत होतं तरी मी तसं बोललो. माझं चुकलं. मला माफ कर."

तिने जाळात एक करवंटी सरकवली. पदराने डोळे पुसले. धूर होता, हे खरं.

"पाणी तापेपर्यंत वाडीत जाऊन ये," ती म्हणाली. मी बेड्यापर्यंत गेलो असेन, तेवढ्यात मागून आवाज आला. "आणि अरे, पंपाला माणूस बघायला हवा. मला एकटीला जमत नाही. बघशील?"

"बघतो," मी म्हणालो.

"आधी पाणी दे त्याला."